सायप्रस रोडवरचा शेवटचा थांबा

या, अशा जवळ सरका. दार लोटून घ्या, खुर्ची ओढून घ्या. बाहेर आभाळ दाटलंय, आज कुणी कुठे जात नाही. तोवर एक गोष्ट सांगायची आहे. आधीच सांगितलेलं बरं, ही हसवणारी गोष्ट नाही. पण जिची आहे ती बाई मोठी हसवणारी, आणि ज्यांच्यापायी सांगायची ते पाळकबाबा गायला लागले की चर्चची बाकंसुद्धा डोलायची. तेव्हा रडू आलं तर येऊ द्या, लाजू नका.

व्हर्नेल टॉलिव्हरने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. अलाबामाच्या आमच्या या कोपऱ्यात, टॉमबिगबी नदीच्या अलीकडे, तिच्या हाताला पाठ नाही असं एकही वळण नव्हतं. कुणी विचारलं, जिनिंगची गिरणी किती लांब, तर ती मैल सांगत नसे. "सहा मिनिटं," म्हणायची, "आणि बिलबाईची कुत्री आडवी आली तर सात."

गुडघ्यांनी दगा दिला, बस सुटली, आणि बाई वादळांच्या मागे लागली. मागे लागली म्हणजे गाडी घेऊन नव्हे, जेवणाच्या टेबलावर बसून. टेबलाच्या काचेखाली जिल्ह्याचा नकाशा पसरलेला. शेजारी आईचा बटणांचा डबा. पांढरं बटण म्हणजे घर, लाल कोटाचं मोठं बटण म्हणजे वादळ. टीव्हीवर हवामानवाला, खिडकीत इशारे देणारा रेडिओ, हातात भाचीने दिलेला टॅबलेट आणि त्यावर रडार. रडारवरच्या ढगाला खालून माशाच्या गळासारखा आकडा फुटला की टोर्नेडो फिरू लागला असं समजायचं, हे ती सरकारी वर्गात जाऊन शिकून आली होती. वादळाच्या दिवशी तिच्या घरात नुसता बाजार भरायचा. तिन्ही यंत्रं एकदम ओरडत, आणि त्यांच्यावर आवाज चढवून बाई फोन करत असे.

फोन कुणाला? सायप्रस रोडवरच्या अकरा घरांना. तिथे सगळे ट्रेलर. कारखान्यातून चाकांवर आलेली लांबट पत्र्याची घरं, विटांवर टेकवून ठेवलेली. वारा आला की आधी तीच उडतात. चर्चने मागच्या अंगाला काँक्रीटची एक भक्कम खोली बांधून घेतली होती, तिथे वेळेत पोचायचं एवढंच. व्हर्नेल लाल बटण सरकवायची, वादळाचा वेग बघायची आणि त्याचा बसचा हिशेब करायची.

"बस निघाली गं. तुझ्या थांब्यावर अठरा मिनिटांत. बाहेर पड."

"व्हर्नेलताई, मागच्या खेपेला तुमची बस आलीच नाही. माझी कोंबडी मात्र करपली."

"करपलेली खाता येते. उडालेली खाता येत नाही. चपला घाल."

लोक हसत, कुरकुरत, आणि निघत. नऊ वर्षांत तिच्या यादीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. ती यादी म्हणजे तिचा जपच होता म्हणा ना.

यादीतला शेवटचा थांबा पाळकबाबा होझिया क्रेन्शॉ यांचा. वय चौऱ्याऐंशी. माउंट नीबो चर्चमध्ये त्यांनी चाळीसच्या वर वर्षं सेवा केली. बायको गेली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, गाडी सुटली, तेव्हा रस्त्याच्या टोकाला पाइनच्या झाडांत एका ट्रेलरमध्ये राहू लागले. रविवारी जो कुणी त्या बाजूने येईल तो त्यांना गाडीत घेऊन येई. कधी ठरवावं लागलं नाही.

आणि त्यांचं प्रवचन! काय सांगू. सुरुवात अशी हळू की कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलतायत असं वाटावं. शेतातलं काही, बायकोच्या स्वयंपाकातलं काही. मग एखादं वाक्य जरा लांबायचं. पुढचं त्याहून लांब. ऑर्गनवाली बाई एक सूर हळूच धरायची, आणि बाबांच्या ध्यानात येण्याआधीच बोलण्याचं गाणं झालेलं असायचं. घाम निथळतोय, उजव्या हातात पांढरा रुमाल, तो कपाळावरून फिरतोय, हवेत उडतोय. तिसऱ्या बाकावर व्हर्नेल उभी राहून ओरडते, "सांगा बाबा, सांगा! आज काही ठेवू नका!" आणि बाबा काही ठेवत नसत. तुमच्याकडच्या कीर्तनात उत्तररंगाला बुवा उभे राहून झांज मागतात ना, तशी ती वेळ. माणूस घरी जाताना हलका होऊन जाई.

ते रुमाल धुऊन इस्त्री करायचं काम व्हर्नेलचं. दर शनिवारी.

या दोघांचं एका गोष्टीवरून कायमचं भांडण होतं. जुन्या लोकांची आमच्याकडे एक रीत आहे. आभाळ गडगडायला लागलं की घरातलं सगळं बंद. दिवा, टीव्ही, रेडिओ, सगळ्याच्या पिना काढायच्या. फोनची तारसुद्धा. मग अंधारात हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. देव काम करतोय, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. व्हर्नेलची आई पाचही पोरांना भिंतीशी ओळीने बसवायची आणि कुजबुजलं तरी चिमटा काढायची. बाबांनी ही रीत कधी मोडली नाही.

"व्हर्नेल," ते रुमालांचा गठ्ठा घेताना म्हणायचे, "देव जवळून जातोय आणि तू तीन-तीन यंत्रं लावून त्याचं बोलणं चोरून ऐकतेस. तुझी आई काय म्हणाली असती?"

"चोरून कुठे बाबा? तो केवढ्यांदा बोलतो! मी नुसता पत्ता लिहून घेते."

"बरं बरं. पण तुझा फोन येऊन गेला की माझं घर बंद. आधी तुझं ऐकेन, मग त्याचं."

"एवढं केलंत तरी पुष्कळ."

असं ते भांडण. दोघांना गोड वाटायचं.

एप्रिलमधला रविवार होता. सकाळपासून हवा कोमट, चिकट, आणि वारा चुकीच्या दिशेने. बाबांच्या जागी आलेल्या नव्या पाळकांनी उपासना अकरालाच आटोपली. लोक घरोघर गेले. व्हर्नेलने बाबांची जेवणाची थाळी भरून ठेवली होती. कोलार्डची पालेभाजी, मक्याची पोळी, कोंबडीची तंगडी, आणि वेगळ्या वाटीत कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींवर पीठ घालून भाजलेलं गोड. कुणाबरोबर तरी पाठवू म्हणून ओव्हनमध्ये ठेवली आणि ती टेबलाशी बसली.

तीनला काही मिनिटं कमी असताना नदीपलीकडच्या ढगाला आकडा फुटला. हवामानवाल्याने कोट काढून बाह्या वर केल्या. त्याने बाह्या वर केल्या की आमच्याकडे लोक हातातलं काम टाकतात. व्हर्नेलने लाल बटण ठेवलं, पाच मिनिटांनी सरकवलं, पुन्हा पाच मिनिटांनी. वेग ताशी पंचेचाळीस मैल. "माझ्याच बसचा वेग," ती स्वतःशी म्हणाली, "पण हा मेला थांब्यांवर थांबणार नाही." बटणांची रांग सरळ सायप्रस रोडकडे चालली होती.

शेवटच्या थांब्यावर गाडी चालवणारं कुणी नव्हतं म्हणून पहिला फोन तिने तिथेच केला.

"बाबा, मी व्हर्नेल."

"ते कळलंच. तुझा टीव्हीवाला मला इथवर ऐकू येतोय. काय एवढा ओरडतो तो?"

"ओरडण्यासारखं आहे म्हणून ओरडतो. ऑथाला तुमच्याकडे पाठवतेय. बूट घाला, टोपी घाला, तयार राहा."

"आणि माझी थाळी?"

"ओव्हनमध्ये आहे. मागाहून आणते खोलीवर. कॉबलरही आहे."

"मग येतो बाई. कॉबलरसाठी मी वादळातही येईन." ते हसले. मग आवाज उतरला. "इथे गडगडायला लागलंय, व्हर्नेल. मी आता सगळं बंद करून बसतो. ऑथाला म्हणावं, दारात हॉर्न दे."

"बसा बाबा. ऑथा येतोय."

ऑथा म्हणजे चर्चचा डीकन, पाळकांचा मदतनीस, भला मोठा माणूस, जुना ट्रक. व्हर्नेलसारखाच तो ओढ्याच्या अलीकडे राहायचा; चर्च आणि सायप्रस रोड पलीकडे. तो लगेच निघाला. व्हर्नेलने बाकीच्या घरांना फोन लावायला घेतले. कुणी निघालं होतं, कुणी निघत होतं, एकजण अंघोळीला गेला होता, त्याला तिने बायकोकरवी साबणासकट बाहेर काढला. एकेक पांढरं बटण ती नकाशावरून उचलून डब्यात टाकत होती. डब्यात पडलं की माणूस सुटलं.

तीन बावीसला ऑथाचा फोन आला. मागे पावसाचा नुसता आवाज.

"ताई, ओढ्याच्या पुलावर ओकचं झाड आडवं पडलंय. ट्रक जात नाही."

"उतरून चालत जा!"

"ताई, इथून त्यांचं घर दोन मैल आहे."

खरंच दोन मैल होतं. तिला ते ऑथापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने त्याला मागे फिरायला सांगितलं आणि बाबांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. स्वतः गाडी काढून दुसऱ्या बाजूने जायचं म्हटलं तर चौदा मिनिटं, आणि लाल बटण अकरा मिनिटांवर. सायप्रस रोडवर आता दोनच बटणं उरली होती, शेवटून दुसरं आणि शेवटचं.

शेवटून दुसरं घर लॉरेटाचं. नवरा तेलाच्या कामावर परगावी, पदरात दोन मुली, एक सहाची, एक चारची. व्हर्नेलने तिला मोबाइलवर गाठलं.

"निघालेय ताई, गाडीतच आहे! धाकटी सापडत नव्हती, पलंगाखाली जाऊन बसली होती कार्टी!"

"लॉरेटा, बाबांचं घर दिसतंय का तुला?"

"दिसतंय. समोरच आहे."

"दिवा आहे?"

"नाही. काळोख आहे सगळा."

"रेडिओ?" रविवारी दुपारी बाबांचा भजनांचा रेडिओ रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

"काच खाली करते... नाही ताई. काही आवाज नाही. दार बंद, पडदे बंद. गेलेत वाटतं. कुणीतरी नेलं असेल. बघून येऊ का जरा? वर जाऊन दार वाजवते."

मंडळी, इथे जरा थांबू या. व्हर्नेलच्या एका कानाला फोन होता. दुसऱ्या कानात हवामानवाला गावांची नावं घेत होता, रेडिओ भोंगा वाजवत होता, टॅबलेट कर्कश ओरडत होता. फोनमध्ये मागच्या सीटवर एक मुलगी रडत होती. लॉरेटाच्या टपालपेटीपासून चर्चच्या खोलीपर्यंत बसला सात मिनिटं लागतात. लाल बटण नऊ मिनिटांवर होतं. चिखलातून उतरायचं, पायऱ्या चढायच्या, दार वाजवायचं, म्हाताऱ्याला धरून आणायचं, दोन मिनिटं सहज. नवातून दोन गेली की सात. हा हिशेब तिने केला. एका श्वासात केला.

"नको," ती म्हणाली. "गेलेत ते. कुणीतरी नेलंय. तू पळ, लॉरेटा. पोरींना घेऊन पळ!"

आणि तिने दोन्ही पांढरी बटणं उचलून डब्यात टाकली.

तीन वाजून सदतीस मिनिटांनी लाल बटण शेवटच्या थांब्यावर गेलं. हवामानवाला थबकला. रडारवर पाऊस नसलेलं काहीतरी दिसतंय म्हणाला, हवेत वर उडालेलं. पत्रे, फळ्या, झाडं. मग दिवे गेले.

टीव्ही गेला. फ्रिजचा घुरघुराट थांबला. टॅबलेटवरचं चित्र अडकलं. रेडिओ नेमका त्याच वेळी दम घेत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा व्हर्नेलचं घर वादळात गप्प झालं. पडदे ओढलेले, अंधार, लांबवर गडगडाट. आणि त्या अंधारात तिला एकदम आईच्या घराचा वास आला, ओल्या लाकडाचा आणि विझवलेल्या दिव्याचा. भिंतीशी ओळीने बसलेली पाच पोरं. मांडीवर हात. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, घरात कुणी नाही.

तिच्या हातून डबा पडला. बटणं सगळीकडे घरंगळली.

"मी आता सगळं बंद करून बसतो," असं ते म्हणाले होते. तिलाच म्हणाले होते. आणि तीच म्हणाली होती, बसा.

लॉरेटाचा फोन लागायला वीस मिनिटं गेली.

"पोचलीस?"

"पोचलो ताई, तिघीही. देवाची कृपा. इथे सगळे आहेत."

"बाबा?"

फोनवर गलबला होता. मग लॉरेटाचा आवाज बारीक झाला. "ते तुमच्याकडे नाहीत का, ताई?"

सगळीकडे झाडं आडवी पडली होती; रस्ता आणि पूल मोकळा व्हायला साडेपाच झाले. ऑथाच आधी पोचला. ट्रेलर विटांवर नव्हता, पाइनच्या झाडांत घडी होऊन पडला होता. बाबा कुंपणापाशी सापडले. अंगावर रविवारचा कोट. पायांत बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. टोपी मात्र सापडली नाही. फोन सापडला. त्याची तार भिंतीतून काढून, नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं; घंटा वाजली ती नुसती व्हर्नेलच्या कानात. ऑथाने हे सगळं व्हर्नेलला तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. तिने विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर सांगणार नव्हता. ओव्हनमध्ये थाळी तशीच होती.

दफनाच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्यात साक्ष द्यायची वेळ असते, ज्याला बोलायचं त्याने उभं राहायचं. एकेकजण उठला. कुणाचं लग्न बाबांनी लावलेलं, कुणाला तुरुंगातून आणायला ते स्वतः गेलेले. शेवटी तिसऱ्या बाकावरून व्हर्नेल उठली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "घर अंधारं आहे म्हटल्यावर ते आत आहेत हे मला कळायला हवं होतं. तुम्हा सगळ्यांना कळलं असतं. माझ्या आईने चिमटे काढून शिकवलंय मला. मी विसरले. पण खरं विसरले का, ते मला माहीत नाही. मी दोन मिनिटं मोजली होती. मोजल्यानंतर विसरले. देवाला ठाऊक."

ऑर्गनवालीने हात मांडीवर ठेवले. मग मागच्या बाकावरून लॉरेटा उठली, दोन्ही हातांना दोन मुली. तिने धाकटीला उचलून उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि तशीच उभी राहिली.

व्हर्नेलने पाहिलं. मान हलवली. खाली बसली. तिचं समाधान झालं का म्हणाल तर नाही झालं. आजही नाही. पण त्या मुलीला ती रविवारी आपल्या शेजारी बसवते, आणि गोळ्या देते, आणि गप्प बस म्हणून चिमटाही काढते.

शनिवार आला. इस्त्री केलेले नऊ रुमाल तिच्या कपाटात तसेच पडले होते. ते घेऊन ती सायप्रस रोडला गेली. अकरा घरं होती, आता दहा. नऊ घरांना तिने एकेक रुमाल दिला आणि दहाव्यासाठी आपल्या उशीचा पांढरा अभ्रा फाडला.

"निघालात की टपालपेटीला बांधायचा," तिने प्रत्येक दारात सांगितलं. "रुमाल नसेल तर आत माणूस आहे. मग घर कितीही अंधारं असू दे. कुणीही जात असो, थांबायचं आणि दार वाजवायचं. मी फोनवर पळ म्हटलं तरी वाजवायचं."

"तुम्ही म्हटलं तरी?" अंघोळीतून काढलेल्या त्या गड्याने विचारलं.

"मी म्हटलं तर आधी."

मे महिन्यात पुन्हा आभाळ भरलं. पुन्हा लाल बटण, पुन्हा फोन, पुन्हा कुरकुर. रस्त्यावरून सगळ्यात शेवटी निघालेल्या लॉरेटाने फोनवर सांगितलं, दहाच्या दहा पेट्यांवर पांढरं फडफडतंय, ताई. अगदी बाबांच्या हातातल्यासारखं. तेव्हा व्हर्नेलने उठून टीव्हीची पिन काढली, रेडिओ बंद केला, टॅबलेट उलटा ठेवला, आणि टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली. वादळ उत्तरेने निघून जाईपर्यंत बसली. त्या दिवशी कुणाचं काही गेलं नाही.

गोष्ट इथवरच. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या गावी आभाळ गडगडलं, घरातले दिवे गेले, सगळं गप्प झालं, तर लगेच मेणबत्ती शोधू नका. घटकाभर तसेच बसा, आणि होझिया क्रेन्शॉ नावाच्या एका म्हाताऱ्या पाळकाची आठवण काढा. कोट घालून, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून, तो दारात हॉर्न वाजायची वाट बघत बसला होता.